दुसऱ्या राज्यात पहिल्यांदाच डोंगरातल्या डिअर हंटला जाताय? प्लॅनिंग शेवटाकडून सुरू करा

मी विस्कॉन्सिनमधे राहतो. इथल्या नोव्हेंबरमधल्या नऊ दिवसांच्या गन सीझनमधे बरीच वर्षं व्हाइटटेल हरणांची शिकार केली, म्हणजे पहाटे झाडावरच्या स्टँडवर जाऊन बसायचं, हरीण आलं तर आलं, पडलं तर गाडीपर्यंत ओढत न्यायचं, अंतर फार तर अर्धा मैल. मग कोलोरॅडोत जाऊन पाठीवर तंबू घेऊन चार-पाच दिवस डोंगरात राहायचं आणि म्यूल डिअर (तिकडच्या डोंगरातलं मोठ्या कानांचं हरीण) शोधायचं असं डोक्यात बसलं आणि एका ऑक्टोबरमधे ते केलंही. आता ओळखीतली मराठी मंडळी विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

तर सुरुवात शेवटाकडून करायची. जवळपास सगळे आधी रायफल बघतात, मग बूट, मग तंबू, मग नकाशा, आणि हरीण पडल्यावर काय याचा विचार तिथे डोंगरात, अंधार पडत असताना करतात. मी म्हणतो पहिला प्रश्न हाच ठेवा की हरीण पडल्यावर त्याचं मांस खराब न होता गाडीपर्यंत, आणि तिथून हजार मैलांवरच्या घरापर्यंत कसं येणार. याचं उत्तर मिळालं की किती आत जायचं, कोणत्या महिन्यात जायचं, कोणाबरोबर जायचं, किती दिवस सुट्टी टाकायची हे आपोआप ठरत जातं.

हिशेब करून बघा. पूर्ण वाढलेल्या म्यूल डिअर नराचं हाडं काढून साधारण ६० ते ८० पौंड मांस होतं. त्यात डोकं-शिंगं हवी असतील तर ते वजन, आणि तुमचा तंबू, स्लीपिंग बॅग, रायफल, उरलेलं खाणं हे वेगळंच. एकटे असाल तर तीन खेपा धरा. तीन खेपा म्हणजे तीनदा भरलेल्या सॅकने खाली आणि दोनदा रिकामं वर. गाडीपासून दोन मैलांवर हरीण पडलं तर १० मैल चालणं, चार मैलांवर पडलं तर २० मैल, आणि त्यातले १२ मैल पाठीवर ओझं घेऊन. दहा हजार फुटांवर वाट नसलेल्या उतारावर, पडलेल्या झाडांवरून ओझं घेऊन तासाला एक मैल झाला तरी पुष्कळ झालं. म्हणजे चार मैल आत गेलात तर दोन पूर्ण दिवस फक्त वाहतुकीचे. आणि सप्टेंबर असेल तर दुपारच्या उन्हात मांसाला दोन दिवस परवडत नाहीत. म्हणून पहिल्या ट्रिपला माझा सल्ला सरळ आहे, एकटे असाल तर दोन मैलांच्या आत, दोघं असाल तर तीन मैल, त्याच्या पुढे कितीही भारी जागा नकाशावर दिसली तरी नाही. वाटेत मोठी नदी किंवा खोल दरी आडवी येत असेल तर अंतर अजून कमी. आत जाताना चढ असावा आणि ओझं घेऊन येताना उतार असावा, हे सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

चाकाची गाडी वापरू का असं हमखास विचारतात. जी जमीन विल्डरनेस म्हणून जाहीर झालेली आहे तिथे १९६४ च्या कायद्याने मोटरगाडी तर नाहीच, सायकल नाही आणि मांस ओढायची दोन चाकी गाडीसुद्धा नाही. पाठ आणि घोडे, बस. काही गावांत मांस खाली आणून देणारे घोडेवाले असतात, जाण्याआधी फोन करून बोलून ठेवा, हरीण पडल्यावर शोधायला जाल तर तो बिझी असणार.

आता कागदपत्रं, आणि इथे आपल्या लोकांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. तुम्ही एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स असणं. म्हणजे लायसन्सची मुदत संपली आणि रायफल कपाटात तशीच राहिली तर तुम्ही अडचणीत. मित्राची रायफल घेऊन शूटिंग रेंजवर नेम धरून बघतानाही हाच कायदा लागू. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, पण व्हिसावर असाल तर एक रुपयाही खर्च करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मित्राने सांगितलं यावर जाऊ नका, इमिग्रेशनची फाइल एकदा बिघडली की सगळं घर हलतं. धनुष्यबाण या कायद्याप्रमाणे बंदुकीत येत नाही, त्यामुळे व्हिसावरची काही मंडळी आर्चरी सीझनच निवडतात, पण तिथे ४० यार्डांच्या आत जावं लागतं आणि त्याला एक वर्षाची प्रॅक्टिस पाहिजे.

पुढचं हंटर एज्युकेशन. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हे सर्टिफिकेट लागतं, दुसऱ्या राज्यात केलेलं चालतं. ते कार्ड शिकारीच्या वेळी जवळ असू द्या.

मग टॅग, म्हणजे एका हरणापुरतं लायसन्स, जे हरीण पडल्यावर त्यालाच लावायचं असतं. अमेरिकेत जंगली प्राणी राज्याचे, जमीन कोणाचीही असो. म्हणून फेडरल जंगलात शिकार करायची तरी लायसन्स राज्याचंच लागतं आणि बाहेरच्या माणसाला ते रेसिडेंटपेक्षा जवळपास दहापट महाग पडतं. कोलोरॅडोत डिअरचं नॉन-रेसिडेंट लायसन्स साधारण ५०० डॉलरच्या घरात आहे, आणि डिअरचे सगळे टॅग मर्यादित, लॉटरीतून म्हणजे ड्रॉमधून. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. सप्टेंबरमधे जाऊ म्हणून उन्हाळ्यात जागे झालात तर मुख्य गाडी सुटलेली असते, मग सेकंडरी म्हणजे दुसरा ड्रॉ आणि उरलेल्या टॅगांच्या यादीवर भागवायचं. मला विचाराल तर पहिल्या ट्रिपला त्या यादीतला टॅगही वाईट नाही, फक्त तो युनिट (राज्याने शिकारीसाठी पाडलेला, नंबर दिलेला विभाग) रिकामा का राहिला ते बघा, बऱ्याचदा तिथली निम्मी जमीन खासगी असते.

अर्ज भरताना हंट कोड लागतो, तो पहिल्यांदा बघितला की गोंधळ होतो पण वाचायला सोपा आहे. समजा कोड डी-एम-०२४-ओ२-आर असा आहे, तर डी म्हणजे डिअर, एम म्हणजे मेल, ०२४ हा युनिट, ओ२ म्हणजे दुसरा रायफल सीझन आणि आर म्हणजे रायफल. यातलं एक अक्षर चुकलं तर तुम्ही भलत्याच सीझनचं लायसन्स घेऊन बसता. अर्जात चार चॉइस देता येतात. पहिल्या चॉइसला टॅग नाही मिळाला तर प्रेफरन्स पॉइंट मिळतो, तो पुढच्या वर्षांच्या ड्रॉमधे तुम्हाला पुढे नेतो. मागच्या वर्षी कोणत्या कोडला किती पॉइंट लागले याचे तक्ते कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ दरवर्षी फुकट प्रसिद्ध करतं, एक रविवार त्यांना द्या. दहा वर्षं पॉइंट साठवून मग भारी युनिटमधे जाऊ असं काही जण ठरवतात. मला ते पटत नाही. पॉइंटने अनुभव येत नाही, शून्य-एक पॉइंटच्या साध्या युनिटमधे दोनदा जाऊन या, मग भारी युनिटचं बघू.

वायोमिंग पण बऱ्याच लोकांच्या मनात असतं. तिथे एक नियम लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला फेडरल विल्डरनेसमधे लायसन्सवाला गाइड किंवा गाइड लायसन्स काढलेला तिथला रहिवासी बरोबर असल्याशिवाय बिग गेमची म्हणजे हरणासारख्या मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. वायव्येकडच्या डोंगरात ग्रिझली अस्वलंही आहेत. कोलोरॅडोत फक्त काळी अस्वलं. नवख्याने कोलोरॅडो निवडावं असं मला वाटतं त्यात हेही एक कारण आहे.

सीझन कोणता? सप्टेंबरमधे नर हरणं वरती, झाडांची हद्द संपते तिथे म्हणजे साडेअकरा-बारा हजार फुटांच्या आसपास मोकळ्या कुरणांत असतात, दिसतात छान, पण उंची आणि ऊन दोन्ही तुमच्या विरोधात. ऑक्टोबर शेवटचा दुसरा रायफल सीझन मला नवख्यासाठी बरा वाटतो, रात्री पाणी गोठतं, मांस टिकतं. नोव्हेंबरमधे माजावर आलेले नर दिवसाही फिरतात, म्हणूनच ते टॅग मिळायला जास्त पॉइंट लागतात आणि बर्फाची तयारीही जास्त लागते.

नकाशा हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबेल. फोनवर ऑनएक्ससारखं जमिनीची मालकी दाखवणारं अ‍ॅप घ्याच, आणि त्या युनिटचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, तिथे रेंज नसते. कोलोरॅडोत खासगी जमिनीवर पाटी किंवा कुंपण नसलं तरी परवानगीशिवाय शिकार बेकायदा आहे, मला पाटी दिसली नाही हे उत्तर चालत नाही. मग फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप बघा, फुकट मिळतो, त्यात कोणता कच्चा रस्ता कोणत्या तारखेपर्यंत उघडा ते लिहिलेलं असतं. गूगल अर्थवर जो रस्ता दिसतो तो ऑक्टोबरमधे फाटक लावून बंद असू शकतो आणि मग तुमचे दोन मैल पाच होतात.

हरीण कुठे असणार ते डोंगराच्या अंगावरून कळतं. उत्तरेकडच्या उतारावर दाट झाडी, सावली, दिवसभर बसायची जागा. दक्षिणेकडच्या उतारावर सेजब्रशची आणि इतर झुडपं, सकाळ-संध्याकाळ चरायची जागा. आपल्याला हव्या त्या दोन्हींच्या मधल्या सोंडा, छोट्या खिंडी आणि अ‍ॅस्पेनच्या झाडीच्या कडा. नकाशावर अशी जागा शोधायची जिथे बसून समोरचा अख्खा उतार दुर्बिणीतून बघता येईल. अशा किमान पाच जागा खुणा करून ठेवा, तीन वरच्या आणि दोन खालच्या, का ते पुढे सांगतो. मग त्या भागातल्या वाइल्डलाइफ ऑफिसरला उन्हाळ्यात फोन करा. हरीण कुठे आहे असं विचारू नका, त्याला रोज तेच विचारतात. मी अमुक दोन नाळांच्या मधल्या सोंडेवर बसायचं म्हणतोय, ऑक्टोबर अखेर हरणं तिथे असतात की खाली उतरलेली असतात, असं विचारलं की माणूस मनापासून बोलतो.

पाच जागा का, तर माझी पहिली ट्रिप. कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला, मीकर गावाच्या वर, दुसरा सीझन. तिन्ही जागा वरच्याच निवडल्या होत्या, दहा हजार फुटांच्या. पहिल्या दिवशी माद्या आणि एक छोटा नर दिसला, दुसऱ्या रात्री फूटभर बर्फ पडला आणि सकाळी त्या उतारावर एकही पाऊल नाही, नुसता पांढरा डोंगर. आता येतील मग येतील म्हणून मी दीड दिवस तिथेच बसून राहिलो. हरणं रातोरात दीड-दोन हजार फूट खाली सेजब्रशमधे उतरली होती, माझ्याकडे खालची एकही जागा शोधून ठेवलेली नव्हती आणि खाली कुठली जमीन सरकारी कुठली खासगी हे फोनवर शोधण्यात चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी संध्याकाळी हरीण मिळालं, गाडीपासून पाऊण मैलावर. चार दिवस जे ओझं वाहून वर नेलं होतं त्याची गरजच नव्हती. म्हणून म्हणतो, बर्फ पडला तर काय आणि नाही पडला तर काय, दोन्ही प्लॅन घरूनच करून निघा.

शरीराची तयारी तीन महिने आधीपासून. आमचं गाव समुद्रसपाटीपासून नऊशे फुटांच्या आत आणि सपाट, तिथे दहा हजार फुटांची तयारी करायची म्हणजे जिने. मी इंडियन स्टोअरमधून आणलेली २० पौंडांची बासमतीची पोती सॅकमधे घालून पार्किंग रँपचे जिने चढायचो, पहिल्या महिन्यात एक पोतं, मग दोन, शेवटी दोन पोती आणि पाण्याच्या बाटल्या. तांदळाचं वजन सॅकमधे मांसासारखंच बसतं, डंबेल टोचतात. उतरण्याची प्रॅक्टिस चढण्याइतकीच करा कारण ओझं घेऊन तुम्ही उतरणार आहात, गुडघे तिथेच बोलतात.

उंचीची मात्र प्रॅक्टिस होत नाही, तिला वेळ द्यावा लागतो. एक दिवस आधी पोहोचून पाच-सहा हजार फुटांवरच्या गावात झोपा, पुढची रात्र गाडीजवळ आठ-नऊ हजारांवर, मग वर. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीला होतं, पण बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, तोल जाणं, बोलताना गोंधळ यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी खाली उतरा. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स नावाची गोळी मिळते, ती आधी डॉक्टरला विचारून.

खाण्यात आपण मराठी लोक नशीबवान आहोत, पिशवीतलं महागडं कोरडं जेवण विकत घ्यायची गरज नाही. दिवसाला दीड ते दोन पौंड वजनात तीन हजारांच्या आसपास कॅलरी बसवायच्या असतात, त्यात शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू, साजूक तुपातल्या दशम्या चपखल बसतात. पातळ पोह्यांचा चिवडा जागा फार खातो, तो गाडीत ठेवा. फोडणी, मीठ, साखर, सुकवलेला कांदा घालून परतलेले जाड पोहे झिपलॉकमधे भरून न्या, वर उकळतं पाणी ओतून पाच-सात मिनिटं टोपीत गुंडाळून ठेवले की नाश्ता तयार. डाळ-तांदूळ मात्र नेऊ नका. दहा हजार फुटांवर पाणी ९० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं, तूरडाळ तासभर उकळली तरी बोटचेपी होत नाही आणि गॅस संपतो. आधी शिजवून सुकवलेली डाळ चालते. आणि रात्री झोपताना एक लाडू खाऊन झोपा, थंडी कमी वाजते.

पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपा, एकदा गोठला की आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. स्लीपिंग बॅग शून्य ते १५ फॅरनहाइटची हवी. कॉटनचा एकही कपडा नको, आतला बनियनसुद्धा लोकरीचा. बाकी सामानावर पानंच्या पानं लिहिता येतील पण खरं सांगायचं तर चांगले बूट, चांगली सॅक आणि चांगली दुर्बीण या तिघांवर पैसे घाला, बाकी जे घरात आहे ते चालतं.

कोलोरॅडोत रायफल सीझनमधे कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार केशरी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा आहे, टोपीसकट. सॅक पाठीवर घेतली की जॅकेटचा केशरी झाकला जातो, म्हणून सॅकवरही केशरी कव्हर घाला, आणि शिंगं घेऊन खाली येताना त्यांना केशरी फडकं बांधा, बांधाच.

रायफल घेऊन गाडीने राज्यं ओलांडताना ती रिकामी, पेटीत कुलूपबंद आणि डिकीत, काडतुसं वेगळी. विमानाने जाणार असाल तर कडक, कुलूपवाल्या पेटीत, रिकामी, चेक-इन काउंटरवर स्वतः सांगून. गॅसचा डबा आणि अस्वलाचा स्प्रे विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, ते तिकडेच विकत घ्या. आणि प्रवासाने रायफलवरच्या दुर्बिणीचा नेम हलतो, म्हणून तिकडे पोहोचल्यावर दोन-तीन गोळ्या रेंजवर झाडून बघा. घरी प्रॅक्टिस करताना बाकावर रायफल ठेवून नाही, जमिनीवर बसून, सॅकवर टेकवून करा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात बसतात, ते तुमचं अंतर. माझं २५० यार्ड आहे, समोर कितीही मोठा नर असो. जखमी होऊन पळालेलं हरीण मनातून जात नाही.

आय-७० हायवेने डोंगरात शिरणार असाल तर १ सप्टेंबर ते ३१ मे तिथे टायरचा नियम असतो, पुरेशी नक्षी असलेले योग्य टायर किंवा चेन गाडीत हव्यात. कच्च्या रस्त्यासाठी फावडंही टाका.

शिकारीचा दिवस साधा असतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत कायदेशीर वेळ, पण तुम्ही अंधारातच जागेवर पोहोचलेले असायला हवं. डोंगरातला वारा घड्याळासारखा चालतो, पहाटे थंड हवा दरीत खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणजे सकाळी हरणाच्या वरून जाऊ नका, तुमचा वास खाली जातो. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी फुर्रकन उडवून बघा.

आणि चालू नका, बसा. व्हाइटटेलवाल्यांना स्टँडवरून उतरल्यावर सारखं फिरावंसं वाटतं. दुर्बीण ट्रायपॉडवर लावा, हातात धरलेली दुर्बीण आणि ट्रायपॉडवरची यात इतका फरक आहे की पहिल्यांदा बघितल्यावर मला विश्वास बसला नाही. अख्खं हरीण शोधायचं नाही, कानाची हालचाल, पांढरा पार्श्वभाग, उभ्या झाडांत एखादी आडवी रेघ हे शोधायचं. नऊ-दहाला हरणं बसतात, सगळे लोक तेव्हा कॅम्पवर जेवायला जातात, तुम्ही जाऊ नका. ऊन सरकलं की बसलेला नर सावली बदलायला दोन मिनिटं उठतो आणि तेव्हाच दिसतो. मेल टॅगवर किमान पाच इंच शिंग असलेला नरच चालतो, खात्री होईपर्यंत बोट ट्रिगरवर नाही.

गोळी पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीत. नंतर हरीण उभं होतं ती जागा आणि तुम्ही होतात ती जागा दोन्ही फोनवर खुणा करा, डोंगर ओलांडून गेलात की सगळी झुडपं सारखी दिसतात. अर्धा तास थांबा. हरीण मिळालं की आधी टॅग, लगेच, सही-तारीख घालून, फोटो नंतर.

कापायची पद्धत घरीच शिकून जा. डोंगरात पोट न उघडता कापतात. एका कुशीवर पाडून वरच्या बाजूचं कातडं काढायचं, पुढचा पाय, मागची मांडी, पाठीचा लांब मऊ पट्टा, मानेचं मांस काढून कापडी गेम बॅगमधे, मग पालटून दुसरी बाजू, आणि शेवटी फासळीच्या मागून हात घालून आतल्या कमरेच्या दोन छोट्या पट्ट्या. नराची खूण नैसर्गिकरीत्या मांसाला जोडलेली ठेवावी लागते, मी एका मांडीला अंडकोष तसाच ठेवतो. खाण्यालायक मांस तिथे टाकून येणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी कोणी टाकू नये. बॅगा सावलीत, फांदीला, हवा खेळेल अशा टांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, आत उब धरून मांस आंबतं. हाडाजवळचं मांस सगळ्यात शेवटी थंड होतं, गरम दिवस असेल तर हाडं तिथेच काढा. मांस आणि तंबू यांच्यात शंभर यार्ड तरी अंतर, अस्वलाला वास लागतो.

घरी कोणाला तरी कागदावर लिहून द्या, गाडी कुठे, तंबू कुठे, किती वाजेपर्यंत मेसेज नाही आला तर कोणाला फोन करायचा. सॅटेलाइट मेसेंजर भाड्यानेही मिळतो. माझी बायको म्हणते की रोज रात्री आठचा तो एक ओळीचा मेसेज आला नाही तर मला झोप लागत नाही, त्यामुळे बॅटरी थंडीत खिशात ठेवणं हे माझं रोजचं काम.

शेवटी परतीचा रस्ता, जिथून खरं तर आपण सुरुवात केली होती. हरणांमधे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणजे सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, १९६७ मधे कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात तो पहिल्यांदा नजरेस आला. तो माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नये असं सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सांगते. त्यामुळे बहुतेक राज्यांत बाहेरून मेंदू आणि पाठीचा कणा आणायला बंदी आहे. हाडं काढलेलं मांस, शिंगांखालचा स्वच्छ केलेला कवटीचा तुकडा आणि शिंगं, कातडं हे सहसा चालतं. नियम फक्त तुमच्या राज्याचे नाही, वाटेतल्या राज्यांचेही बघा. चुकीच्या पद्धतीने मारलेला किंवा टॅग न लावलेला प्राणी राज्याची हद्द ओलांडून नेला तर १९०० च्या लेसी अ‍ॅक्टखाली ते प्रकरण फेडरल होतं.

तपासणीसाठी डोक्यातल्या लसीका ग्रंथींचा नमुना लागतो, तिथल्या तपासणी केंद्रावर डोकं द्या, काही युनिटमधे ते सक्तीचंच असतं. म्हणजे मांसाबरोबर डोकंही खाली आणायचं, तीन खेपांच्या हिशेबात ते धरा. दोन मोठे कूलर, घरून गोठवलेले पाण्याचे कॅन, मांस आणि बर्फ यांच्यात पुठ्ठा, आणि कूलरचं खालचं बूच उघडं ठेवून गाडी किंचित उताराला लावा, मांस पाण्यात भिजता कामा नये. दर पेट्रोल पंपावर एकदा झाकण उघडून बघा.

घरी आल्यावर प्रत्येक पाकिटावर तारीख, कोणता भाग, आणि तपासणीचा नंबर मार्करने लिहून फ्रीझरमधे. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. तोवर काळा मसाला लावून सुकं करायचं कितीही मनात आलं, घरात पाहुणे आले, मुलं मागे लागली, तरी त्यातलं एकही पाकीट उघडायचं नाही.